मदत हवी आहे: स्पॅनिशमधला 'पेन्या' हा शब्द नक्की कुठे वापरायचा?

नमस्कार मंडळी, स्पॅनिश येणाऱ्या कुणीतरी प्लीज मदत करा. बी१ ची (म्हणजे मधल्या पातळीची) तोंडी परीक्षा जवळ आलीय आणि मी विषय घेतलाय स्पेनमधल्या पाम्प्लोनाचा सान फेर्मिन, तोच तो जुलैमधला बैलांपुढे पळायचा उत्सव, पण मला बैलांपेक्षा तिथल्या पेन्यांबद्दल, म्हणजे उत्सव साजरा करणाऱ्या क्लबांबद्दल, बोलायचंय कारण खरा रंग त्यांच्यामुळेच येतो असं माझं मत झालंय. प्रत्येक पेन्याची स्वतःची जागा, सभासदांची वर्गणी, बँड, दरवर्षी नवीन रंगवलेला मोठ्ठा बॅनर, आणि संध्याकाळी बुलरिंगमध्ये उन्हाच्या बाजूला बसून जो दंगा चालतो तो वेगळाच. (एनवरची नागमोडी रेघ विसरायची नाही, नाहीतर 'पेना' होतं, म्हणजे दुःख किंवा शिक्षा.)

आता गोंधळ असा की फ्लेमेंको (स्पेनमधलं गाणं-नाच) आवडणाऱ्यांचा क्लबही पेन्याच, ग्रानादातली ला प्लातेरिया तर १९४९ पासूनची आहे, आणि रिअल माद्रिदचे फॅन क्लबही पेन्याच. इथपर्यंत ठीक. पण पेरूतल्या लिमात पेन्या म्हणजे चक्क जागा, रात्री जेवण आणि लाइव्ह गाणी असतात ती. चिलीत १९६५ ला गायिका व्हियोलेता पार्राच्या मुलांनी सांतियागोत सुरू केलेली पेन्या, तीही गाण्याचीच जागा. आणि स्पेनमधली तरुण पोरं 'मुचा पेन्या' म्हणतात तेव्हा अर्थ नुसता 'खूप पब्लिक'!

तर परीक्षक लॅटिन अमेरिकेतले निघाले तर आधी एका वाक्यात खुलासा करू का, की सान फेर्मिन म्हटल्यावर आपोआप कळेल? आणि 'तुमच्याकडे असं काही असतं का' हे विचारतीलच, तेव्हा गणेश मंडळाला काय म्हणू? 'कोफ्रादिया' (धार्मिक बंधुमंडळ) मला पटत नाही, स्पेनमधल्या सेवियात सेमाना सांताला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, मिरवणूक काढतात त्या कोफ्रादिया चर्चशी बांधलेल्या असतात, आपली मंडळं कुठल्या देवळाच्या हाताखाली नसतात. 'सिंदिकातो' म्हणजे कामगार युनियन, तो बाद. 'असोसिआसिओन' (संस्था) चुकीचा नाही पण फार कागदी वाटतो, ढोल, वर्गणी, रात्र रात्र जागून केलेला देखावा यातलं काहीच त्यात येत नाही. मला पेन्याच जवळचा वाटतोय, पण देवाची मूर्ती बसवणाऱ्यांना पेन्या म्हटलेलं स्पॅनिश माणसाला विचित्र वाटेल का? स्पेनमध्ये राहिलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. सभासदाला 'पेन्यिस्ता' म्हणायचं की साधं 'सोसिओ' (सभासद) तेही सांगा.