सल्ला हवा: लघुपट स्पर्धेचं परीक्षण करायचं आहे, समीक्षक सिनेमा कसा जोखतात?

नीरजा_सोलापूर

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनालयाने यंदा लघुपट स्पर्धा ठेवली आहे आणि तीन परीक्षकांत मला घेतलं आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते. कथास्पर्धांचं परीक्षण केलेलं आहे, सिनेमाचं कधीच नाही. आयोजकांनी गुणपत्रिका पाठवली आहे: कथा २०, अभिनय २०, छायाचित्रण २०, संकलन २०, सामाजिक संदेश २०. ती बघून धास्तीच वाटते आहे. संकलन चांगलं की वाईट हे मी कशावरून ठरवणार? मुलांनी पदरमोड करून, सुट्ट्या घालवून हे लघुपट केलेत. त्यांना नुसतं 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' सांगून भागणार नाही.

जे लोक वर्षानुवर्षं परीक्षणं लिहितात ते नेमकं काय बघतात? त्यांच्यातही एकमत होत नाही ते का? आणि मराठीत यावर वाचण्यासारखं काय आहे?

चित्रमंडळी

नीरजाताई, पहिली गोष्ट म्हणजे त्या तक्त्यातले 'सामाजिक संदेश'चे २० गुण काढून टाकायला सांगा. शेतकरी आत्महत्येवरच्या लघुपटाला पडदा उजळायच्या आधीच २० गुण मिळतात आणि दोन मैत्रिणींच्या भांडणावरचा लघुपट तिथेच मागे पडतो. शिकागोचे रॉजर ईबर्ट (समीक्षेसाठी पुलित्झर मिळवणारे पहिले सिनेसमीक्षक, १९७५) कायम सांगायचे की सिनेमा कशाबद्दल आहे यापेक्षा तो ते कसं मांडतो हे महत्त्वाचं. जगभरचे चांगले समीक्षक कळत-नकळत हीच वाट धरतात.

दुसरं, समीक्षक अभिनय, कॅमेरा, संकलन असे वेगवेगळे डबे भरत बसत नाही. या सिनेमाला काय करायचं आहे, हे तो आधी ओळखतो. मग त्यासाठी दिग्दर्शकाने काय निवडलं आणि ती निवड कामी आली का, ते तपासतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा आणि स्थिर. चेहरा अगदी जवळून दाखवणारे क्लोजअप जवळपास नाहीतच. सुट्टं बघितलं तर 'छायाचित्रण साधं, गती संथ' असं म्हणून कुणीही गुण कापेल. पण इथे खटला तारखेवर तारीख घेत सरकतो, माणसं त्या यंत्रणेत लहान दिसतात आणि आपणही कोर्टातल्या बाकावर ताटकळत बसतो. तो संथपणाच सिनेमाचं म्हणणं आहे. सरकारी वकील बाई कामावरून घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबासोबत नाटकाला जातात, हे सगळं 'कथेबाहेरचं' वाटू शकतं. पण त्यामुळेच त्या खलनायिका होत नाहीत आणि प्रश्न एका माणसाच्या दुष्टपणाचा उरत नाही. हे ज्याला दिसतं आणि प्रसंगाचा दाखला देऊन जो ते सांगतो, तो समीक्षक. 'लांबलचक आहे' एवढंच लिहिणाऱ्याने अजून काम सुरू केलेलं नाही.

उलटही होतं. एखाद्या लघुपटात असाच स्थिर, लांब शॉट असेल आणि त्यातून काहीच हाती लागत नसेल, तर ती उणीव. तंत्र तेच, निकाल वेगळा.

माळावरचा

चित्रमंडळी, बाकी सगळं मान्य, पण संदेशाचे गुण काढताना विषयच दुय्यम आहे असं कुणी समजू नये. गोष्ट कुणाची आणि ती कोण सांगतंय, याला आपल्याकडे फार मोठं वजन आहे. 'फँड्री'मध्ये मारलेलं डुक्कर काठीला बांधून नायक जब्याच्या घरचे नेतात ते आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं असलेल्या भिंतीसमोरून. एक शब्द नाही, संगीताचा मारा नाही. ज्याला त्या भिंतीचा अर्थ माहीत नाही त्याला तो फक्त छान जुळलेला शॉट दिसेल. समीक्षकाला कॅमेऱ्याइतकाच समाजही वाचता आला पाहिजे. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. तिथे विषय आणि मांडणी वेगळी काढून दाखवा बरं!

चित्रमंडळी

माळावरचा, अगदी खरं. माझा आक्षेप गुण आधीच वेगळे ठेवण्याला आहे. तुम्ही सांगितलेला प्रसंग मोठा ठरतो तो आशय चौकटीत उतरला म्हणून. भाषणात तेच सांगितलं असतं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

कट_टू_कट

मी संकलनाचं काम करतो, म्हणून ताईंच्या त्या प्रश्नाबद्दल लिहितो. संकलन म्हणजे कट किती सफाईदार, असं समजू नका. कुठला शॉट किती वेळ ठेवला आणि कुणाच्या चेहऱ्यावर ठेवला, ते बघा. दोघं बोलताहेत, एक जण वाईट बातमी सांगतो. कॅमेरा सांगणाऱ्यावर आहे की ऐकणाऱ्यावर? तिथून कट लवकर झाला की एक श्वास थांबून? बातमी ऐकल्यावर माणूस काही करतो तेवढ्यात शॉट तोडला असेल तर अभिनेत्याचं चांगलं काम संकलनात वाया गेलं. असं झालं की प्रेक्षक अभिनयाला नावं ठेवतो. आणि अनेकदा संकलनाच्या माथी मारलेला दोष मुळात पटकथेतला असतो: प्रसंगच अनावश्यक होता, तो कितीही कापला तरी अनावश्यकच राहणार.

आता आवाज. तुमच्या तक्त्यात ध्वनीला एकही गुण नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. लघुपट सर्वात जास्त तिथेच फसतात. संवाद एका शॉटमध्ये मोकळ्या जागेतला आणि पुढच्यात खोलीतला वाटतो. पंख्याची घरघर मध्येच गायब होते. सर्वात मोठा दोष पार्श्वसंगीताचा: पात्राला रडू यायच्या आधी व्हायोलिन रडायला लागतं. एक युक्ती सांगतो. पहिल्यांदा लघुपट सरळ बघा, काहीही न लिहिता. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा, म्हणजे गोष्ट चित्रातून कळते की फक्त संवादातून, ते समजेल. मग महत्त्वाचा एखादा प्रसंग डोळे मिटून नुसता ऐका.

ड्रोनने घेतलेलं गाव, शेवटचा धक्का आणि त्यानंतर काळ्या पडद्यावरचं सुविचाराचं वाक्य, हे तिन्ही पुष्कळ दिसेल. वाईट असतंच असं नाही. प्रत्येक वेळी एवढंच विचारा की हे काढलं तर काही कमी होतं का.

रेवा_पुणे

एकमताबद्दल. १९६७ साली दरोडेखोर जोडप्यावरचा अमेरिकन सिनेमा 'बॉनी अँड क्लाइड' आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदर यांनी त्यातल्या हिंसेवरून तो पार झोडपला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पॉलीन केल यांनी न्यूयॉर्करमध्ये त्याच्या बाजूने दीर्घ लेख लिहिला. न्यूजवीकच्या जो मॉर्गनस्टर्न यांनी आधी वाईट लिहिलं, सिनेमा पुन्हा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात आपलं मत चुकलं होतं असं छापून सांगितलं. मला हे समीक्षेच्या इतिहासातलं फार सुंदर उदाहरण वाटतं. सिनेमा तोच होता, पण हिंसा आणि हसू एकाच दृश्यात आणणं हा दोष की हेतू, यावर सगळं अवलंबून होतं.

काळाप्रमाणेही निवाडा हलतो. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९६२ ते २००२ 'सिटिझन केन' पहिला, २०१२ मध्ये 'व्हर्टिगो', आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा १९७५ चा 'जान दीलमान', ज्यात एका विधवेचे तीन दिवस, तिचं घरकाम, तीन तासांहून जास्त वेळ आपण बघतो. सिनेमे बदललेले नाहीत. मत देणारी माणसं बदलली आणि वाढली, त्यांचे प्रश्नही बदलले.

आकड्यांवर जाऊ नका, हेही सांगते. समीक्षकांची परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर ९० टक्के म्हणजे १० पैकी ९ गुण नव्हेत. १०० पैकी ९० समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना 'बरा' वाटलेला सिनेमा तिथे १०० टक्के मिळवू शकतो. मेटाक्रिटिक ही तशीच दुसरी वेबसाइट मात्र परीक्षणांना गुण देऊन त्यांची भारित सरासरी (काही परीक्षणांना जास्त वजन देऊन) काढते. म्हणून अर्ध्यांना अफाट आवडलेला आणि अर्ध्यांना न झेपलेला सिनेमा या तक्त्यांत बहुधा मार खातो. तुमच्या स्पर्धेतही तीन परीक्षकांची नुसती सरासरी काढली तर मधलाच लघुपट पहिला येऊ शकतो.

वाचायचं तर अरुण खोपकर यांचं 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका'. प्रकाश, क्लोजअप, गाण्याचं चित्रण यांतून अर्थ कसा तयार होतो, हे इतकं बारकाईने मराठीत क्वचितच कुणी लिहिलंय. त्यांच्या 'चलत्-चित्रव्यूह'ला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. गणेश मतकरींचे लेख सोपे आणि नेमके असतात, सुरुवात त्यांच्यापासून केलीत तरी चालेल. पुढे जमलं तर पुण्यातला फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हचा रसग्रहण अभ्यासक्रम करा. सतीश बहादूर सरांनी तिथे 'पथेर पांचाली' शॉट-शॉट उलगडून शिकवत कितीतरी लोकांना सिनेमा बघायला शिकवलं.

नीरजा_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. फँड्रीची ती भिंत मी पाहिली होती, पण त्या शॉटबद्दल असा विचार केला नव्हता. एकच विचारते: शेवटी कागदावर काहीतरी आकडा लागणारच. तो कसा काढू?

चित्रमंडळी

बघताना गुण देऊच नका. प्रत्येक लघुपटानंतर चार-पाच ओळी लिहा: याला काय करायचं होतं, ते कुठल्या प्रसंगात साधलं, कुठे निसटलं. सगळे बघून झाले की आधी क्रम लावा, मग तिघं मिळून बसा आणि जिथे मतभेद असेल तो प्रसंग पुन्हा लावून बघा. आकडे त्यानंतर. तक्ता ठेवायचाच असेल तर पटकथा, दिग्दर्शन, अभिनय, दृश्य, आणि संकलन-ध्वनी एकत्र, असा मागून घ्या. त्या ओळी मुलांना जरूर द्या, हरलेल्यांना आधी.

कट_टू_कट

आणि कृपा करून फोनवर बघू नका. वाचनालयात प्रोजेक्टर असेल तर तिघांनी एकत्र, अंधारात, बऱ्या स्पीकरवर बघा. पहिल्या लघुपटाला जो आवाज ठेवाल तोच शेवटच्यालाही.

नीरजा_सोलापूर

प्रोजेक्टर आहे, स्पीकर माझ्या कॉलेजातून आणते. संदेशाच्या २० गुणांबद्दल आयोजकांशी उद्याच बोलते. मुलांना द्यायच्या ओळींचा नमुना इथे टाकला तर तपासून द्याल का?

चित्रमंडळी

नक्की टाका, पण मुलांची आणि लघुपटांची नावं काढून.