भिंतीमागचा स्टड कसा शोधलात? तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात रात्री पावणेदोनला लेकीच्या खोलीतून धाडकन आवाज आला. धावत गेले तर पुस्तकांची फळी तिच्या पलंगापासून हातभर अंतरावर पडलेली. भिंतीला चार भोकं आणि खाली पांढरा चुरा. लेक उठून बसली होती. तिला काही लागलं नाही, पण मला सकाळपर्यंत झोप आली नाही. फळी आम्हीच लावली होती, भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या अँकरवर, नुसत्या ड्रायवॉलमध्ये.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इकडची भिंत म्हणजे लाकडाच्या उभ्या दांड्यांचा सांगाडा आणि त्यावर अर्ध्या इंचाचा जिप्समचा बोर्ड, म्हणजेच ड्रायवॉल. त्या दांड्या म्हणजे स्टड. त्यांना टू बाय फोर म्हणतात, पण मापाला भरतात दीड बाय साडेतीन इंच, आणि आपल्याकडे तोंड असतं ते दीड इंचाच्या बाजूचं. एका दांडीच्या मध्यापासून दुसरीचा मध्य बहुतेक घरांत १६ इंचांवर, काही ठिकाणी २४ इंचांवर. म्हणजे सगळं वजन पेलायला तेवढं दीड इंच लाकूड, बाकी पोकळी. विटांच्या भिंतीत वाढलेल्या मला हे मनात बसायला वेळ लागला. भिंत दिसते ना समोर, मग ठोका खिळा, असंच वाटायचं.

आता स्टड फाइंडर घ्यायचा आहे. चुंबकाचा घ्यावा की बॅटरीवरचा? तुमची भिंत कसली होती, कुठलं साधन वापरलंत, ते कुठे चुकलं, आणि भोक पाडण्याआधी खात्री कशी केलीत, ते सविस्तर लिहा. लहान मुलं असलेल्या घरांचे अनुभव तर हवेच आहेत.

*

ऑस्टिन, टेक्सास

ताई, लेकीला लागलं नाही हे वाचून हायसं वाटलं.

आमचं घर २०१२ चं, साधं ड्रायवॉल. ६५ इंची टीव्ही लावायचा होता. बॅटरीवरचा फाइंडर आणला आणि पहिल्याच दिवशी तो खोटं सांगतोय असं वाटलं. चूक माझी होती. ही यंत्रं भिंतीची विद्युत धारिता, म्हणजे कपॅसिटन्स मोजतात. बोर्डामागे हवा असेल तर एक आकडा येतो, लाकूड असेल तर वेगळा. बटण दाबून धरलं की यंत्र त्या जागेला 'ही पोकळी' असं समजून स्वतःला जुळवून घेतं. मी ते नेमकं स्टडवरच टेकवून चालू केलं होतं! त्यामुळे त्याला लाकूड हीच पोकळी वाटली आणि खऱ्या पोकळीत ते गप्प राहिलं. आता सुरुवात केल्यावर काहीच लागत नसेल तर चार इंच बाजूला सरकून पुन्हा चालू करतो.

माझी पद्धत अशी. जिथे भोक पाडायचं त्या उंचीवर निळी मास्किंग टेप आडवी लावायची. यंत्र डावीकडून उजवीकडे न्यायचं, वाजलं तिथे पेन्सिलने खूण. मग उजवीकडून डावीकडे, पुन्हा खूण. दोन खुणांमधलं अंतर दीड इंचाच्या आसपास आलं तर तो स्टड. तीन इंच आलं तर दोन दांड्या जोडून असतील, दार-खिडकीच्या कडेला असतात तशा. मग फूटभर वर आणि फूटभर खाली तेच करायचं. खुणा एका ओळंब्यात आल्या पाहिजेत. फक्त एकाच उंचीवर वाजलं आणि वर-खाली नाही, तर ते दुसरंच काहीतरी आहे, आडवी फळी किंवा पाइप.

शेवटी बारीक खिळा. टीव्हीच्या मागे झाकला जाईल अशा जागी तो हलकेच ठोकायचा. अर्धा इंच गेल्यावर भसकन आत गेला तर पोकळी, अडला आणि उपसताना टोकाला पिवळसर भुसा आला तर लाकूड. तो भुसा पाहिल्याशिवाय मी जाड बोल्टला हात लावत नाही.

*

सॉमरव्हिल, मॅसॅच्युसेट्स

वरचं सगळं नव्या घरांना लागू. आमचं भाड्याचं घर १९२० च्या दशकातलं, तिथे बॅटरीवरचं यंत्र इथून तिथून वाजतच राहिलं. घरमालक आजोबांनी कारण सांगितलं. या भिंतीत बोर्ड नाही, स्टडवर आडव्या अरुंद लाकडी पट्ट्या ठोकलेल्या आणि त्यावर गिलावा. पट्ट्यांच्या फटींतून गिलावा मागे ओघळून घट्ट बसलेला असतो. म्हणजे सगळीकडे लाकूड, आणि जाडीही जागोजागी वेगळी. यंत्र बिचारं काय सांगणार?

आजोबांनी मला निओडिमियमचं छोटं चुंबक दिलं. ते जुन्या सुती मोज्याच्या तुकड्यात गुंडाळलं, रंगावर चरे पडू नयेत म्हणून, आणि भिंतीवरून नागमोडी फिरवत गेले. एका ठिकाणी बोटांना हलकी ओढ जाणवली. हात सोडला तर चुंबक तिथेच चिकटून राहिलं. पट्टी ज्या खिळ्याने स्टडला ठोकलेली, त्या खिळ्यावर. तिथून सरळ खाली दोन इंचांवर दुसरा खिळा, मग तिसरा. अशी खिळ्यांची उभी रांग लागली की समजायचं, मागे स्टड आहे. सोळा इंचांवर पुढची रांग मिळाली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट मनावर घ्या. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात भोक पाडण्याआधी रंग तपासून घ्या, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा.

*

वाकड, पुणे

आपल्याकडे स्टड नाहीत, मग हा धागा आपल्या कामाचा नाही, असं कुणाला वाटेल म्हणून मुद्दाम लिहितो.

मोठ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये बाथरूमबाहेरच्या भिंतीवर आरसा लावायचा होता. कारागिराने भोक पाडलं आणि पाण्याची धार थेट त्याच्या छातीवर. गिझरची सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपची लाइन फुटली होती. भाऊजी गॅलरीतला व्हॉल्व्ह शोधेपर्यंत हॉलमध्ये घोटाभर पाणी. टाइल फोडून जोड बदलला, पण त्या रंगाची टाइल पुन्हा मिळाली नाही. अजून ती एक वेगळी दिसते.

त्यानंतर मी भिंतीत शोधणारं यंत्र घेतलं, बॉशचं जीएमएस १२०. कंपनीने दिलेली जास्तीत जास्त खोली अशी: लोखंड १२० मिलिमीटर, तांबं ८०, चालू वायर ५०, लाकूड ३८. लोखंडाच्या बाबतीत ते फार उपयोगी पडतं. आमच्या इमारतीत ॲल्युमिनियमच्या साच्यातल्या काँक्रीटच्या भिंती आहेत, वीट कुठेच नाही, आणि सळ्या सगळीकडे. हॅमर ड्रिलचं बिट सळीला लागलं की पुढे जात नाही, फक्त तापतं. यंत्राने सळ्यांच्या मधली जागा आधी कळते.

वायर शोधताना मात्र एक युक्ती पाळा. यंत्राला वायरमध्ये वीज असेल तरच ती 'चालू वायर' म्हणून कळते. दिव्याचं बटण बंद असेल तर बटणापासून दिव्यापर्यंतची वायर मेलेली, यंत्राला तिचा पत्ता नाही. म्हणून त्या भिंतीवरचे सगळे दिवे, पंखे, गिझर चालू ठेवून शोधायचं, खुणा करायच्या, आणि भोक पाडताना मेन स्विच बंद.

प्लास्टिकच्या पाइपवर मात्र या यंत्राच्या भरवशावर राहू नका. नवीन घर घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो, प्लास्टर होण्याआधी साइटवर जा आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप धरून, मापं दिसतील असा. वायरमनने चर कुठून नेलाय, प्लंबरने नळ्या कुठे वळवल्यात, सगळं त्या फोटोत राहतं. बहिणीच्या घराचे असे फोटो असते तर ते भोक दीड वीत डावीकडे पडलं असतं.

*

रेडिंग, इंग्लंड

इथे स्टडमधली अंतरं ४०० किंवा ६०० मिलिमीटर. पण आमच्या बाहेरच्या भिंतींत स्टडच नव्हते, विटांवर चिकटद्रव्याचे गोळे लावून बोर्ड चिकटवलेला. मी दोन तास नसलेला स्टड शोधत होतो. आधी ठोकून पाहा. सगळीकडे इथे भरीव, तिथे पोकळ असे ठिपके लागले तर ही तीच भिंत. तिथे बोर्ड ओलांडून विटेत जाणारे लांब फिक्सिंग हवेत.

सॉकेट किंवा स्विच दिसला की त्याच्या सरळ वर, खाली आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेषेत वायर असणार असं धरून चाला. छतापासून आणि भिंतींच्या कोपऱ्यापासून १५० मिलिमीटरच्या पट्ट्यातही वायर नेण्याची मुभा इथल्या नियमांत आहे. त्या पट्ट्यात मी ड्रिल नेतच नाही.

*

जर्सी सिटी, न्यू जर्सी

उंच इमारतीतल्या कॉन्डोवाल्यांसाठी, म्हणजे स्वतःच्या फ्लॅटवाल्यांसाठी, दोन ओळी. आमच्याकडे लाकडाऐवजी पातळ पत्र्याचे स्टड आहेत. ओळखायची खूण म्हणजे चुंबक एखाद्या स्क्रूपुरतं न थांबता उभ्या रेषेत सलग ओढ खातं. त्यात लाकडाचा जाड स्क्रू धरत नाही, पत्रा फाटतो. मागे पंख उघडणारे टॉगल बोल्ट घ्या, आणि इमारतीच्या असोसिएशनची परवानगी आधी काढा.

*

तोक्यो

इथे मला यंत्रापेक्षा सुई आवडली. हार्डवेअरच्या दुकानात पेनाएवढं साधन मिळतं, पुढे अगदी बारीक सुई. बोर्डात दाबली की आरपार जाते. मागे लाकूड असेल तर अडते. बोर्डाची जाडी जवळपास १२.५ मिलिमीटर, म्हणजे सुई त्याहून खोल जाऊन सैल झाली तर पोकळी. स्टड साधारण ४५५ किंवा ३०३ मिलिमीटरवर. भोक इतकं लहान की भाड्याच्या घरातही चालतं, टाचणीचं भोक ही रोजच्या वापरातली झीज समजतात. आधी वाजवून अंदाज घ्या, मग सुई. विजेच्या सॉकेटजवळ मात्र सुई टोचू नका.

*

शिकागोजवळचं उपनगर

माझा अनुभव भिंतीचा नाही, छताचा आहे.

बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. घरी त्यांचा सागवानी झोपाळा होता, संध्याकाळी चहा त्यावरच. इथे आल्यावर खुर्चीत बसले तरी पाय आपोआप जमिनीला ठोकर द्यायचे. ते पाहून ठरवलं, बेसमेंटमध्ये झोपाळा टांगायचा.

फाइंडर छताला लावला, १६ इंचांवर तुळया सापडल्या. मी त्याच दिवशी हुक बसवणार होते. नवऱ्याने थांबवलं, आणि बरं केलं. आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनीअरना बोलावलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ही तुळई आहे हे कशावरून? ट्रसचा खालचा दांडा असेल तर?" वरचा मजला किंवा छप्पर ट्रसचं, म्हणजे बारीक लाकडं जोडून केलेल्या सांगाड्याचं असेल तर त्याचा खालचा दांडा बोर्डाचं वजन पेलण्यापुरता असतो, हलती माणसं टांगण्यासाठी नाही. फाइंडरला दोन्ही सारखंच लाकूड. यंत्र लाकूड कुठे आहे ते सांगतं, ते किती पेलेल हे सांगत नाही.

आमच्या बेसमेंटमधल्या, घर तापवणाऱ्या भट्टीच्या खोलीला छत लावलेलं नव्हतं, तिथून त्यांनी तुळया उघड्या डोळ्यांनी पाहिल्या. टू बाय टेन, वरच्या मजल्याच्या. चालेल म्हणाले, पण एका तुळईत हुक नको. तीन तुळयांवर आडवं जाड लाकूड बोल्टने बसवायचं, कड्या त्या लाकडात. झोपाळ्याचा झोका वजन वाढवतो, आणि ते दर झोक्याला एका बाजूकडून दुसरीकडे जातं. बोल्ट तुळईच्या मध्यावर जायला हवेत, कडेला गेले तर लाकूड चिरतं. म्हणून दोन्ही कडा शोधून, मध्य काढून, तिथे आधी बारीक भोक पाडून तपासलं. सहापैकी एक खूण पाऊण इंच चुकलेली निघाली. तिथे छतात एक वायर आडवी गेली होती आणि यंत्राने तीही लाकडात धरली होती.

पितळी कड्या भावाने कुरिअरने पाठवल्या. बाबांनी पहिल्यांदा बसताना हाताने साखळी ओढून पाहिली, मग मानेनेच बरं म्हणाले. त्या संध्याकाळी चहा दोनदा झाला.

*

न्यू जर्सी (पुन्हा मीच)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! वाकडच्या दादांचा फोटोंचा सल्ला मी बहिणीला लगेच पाठवला, तिच्या फ्लॅटचं प्लास्टर पुढच्या महिन्यात आहे.

मी शेवटी दोन्ही घेतलं, चुंबकही आणि एकाच वेळी दोन्ही कडा दाखवणारं, बरेच दिवे असलेलं यंत्रही. ते लाकडावर टेकवून सुरू झालं तरी गोंधळत नाही, म्हणून माझ्यासारख्या नवशिक्यांना सोपं. लेकीची फळी आता दोन स्टडवर आहे. मुलांच्या खोलीतलं उभं कपाट आणि खणांचं टेबल पट्ट्यांनी भिंतीला बांधलं, तेही स्टडलाच. उघड्या खणांवर पाय देऊन मुलं चढतात आणि कपाट अंगावर येतं, म्हणून अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस स्टर्डी नावाचा कायदा झाला. नव्या कपाटांना आता स्थिरतेच्या चाचण्या सक्तीच्या आहेत. आमचं कपाट त्याच्या आधीचं, म्हणून पट्टी लागलीच.

*

सिएटल (मुलाकडे आलोय, मूळ नाशिक)

मी सुतारकाम केलेलं आहे, पण या भिंती नव्या. मुलाकडे यंत्र नव्हतं. माठ घेताना बोटाने वाजवून पाहतो तसं बोटाच्या पेराने ठोकत गेलो. पोकळीचा आवाज घुमतो, लाकडावर तो बसका येतो. पण त्याने वीतभराचा अंदाज मिळतो, नेमकी जागा नाही.

मग रात्री सगळे दिवे घालवले आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरली. दिवसा गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर रुपयाएवढे बारीक खळगे दिसायला लागले, एकाखाली एक. बोर्ड स्टडला स्क्रूने लावून वरून पुट्टी भरतात, त्या जागा. नातवाने प्रत्येक खळग्यावर पेन्सिलने टिंब काढलं. टिंबांची रांग सरळ छतापर्यंत गेली. पुढची रांग मोजली, १६ इंच. सॉकेटचा डबा स्टडच्या कुशीला ठोकलेला असतो हे मुलाने सांगितलं, तिथूनही मोजून ताळा केला.

देव्हारा त्या दोन रांगांवर बसवला. टिंबं नातवाने पुसू दिली नाहीत.