आजीच्या कुड्या आणि सराफाचा ‘काळा ठिपका’: हिऱ्याची क्लॅरिटी, म्हणजे निर्मळपणा, ठरवतात तरी कशी?

वेतोबाच्या_गावची
मंडळी, जरा मदत हवीय. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. सासूबाईंनी त्यांच्या सासूच्या हिऱ्याच्या कुड्या यंदा गणपतीत माझ्या हवाली केल्या. सात खड्यांच्या, जुन्या घडणीच्या. एकीची फिरकी झिजलीय म्हणून सराफाकडे नेल्या. त्याने भिंग डोळ्याला लावलं न लावलं आणि म्हणाला, “वहिनी, क्लॅरिटी काय बरी नाय. प्रत्येक खड्यात मधोमध काळा ठिपका. मोडीत घाला, व्हीव्हीएसच्या नव्या देतो.” सासूबाई तेव्हापासून गप्प आहेत. हे व्हीव्हीएस, एसआय कशावरून ठरतं? आणि बसवलेल्या खड्यांचं असं उभ्या उभ्या सांगता येतं का?

देवगडचा_कलमवाला
मोडीत देव नकात. माका हिऱ्यातला काय कळत नाय, पण विकत घेणारोच खोट काढूक लागलो की सावध रवचा.

हर्णैकर
ताई, माझी उमेदीची वर्षं आधी ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत आणि मग बीकेसीत, भारत डायमंड बोर्समध्ये, माल निवडण्यात गेली. आता हर्णैच्या बंदरावर म्हावरं निवडतो. तर थोडं सविस्तर लिहितो.

आज जी पट्टी सगळीकडे चालते ती अमेरिकेतल्या जीआयए या रत्नसंस्थेची, १९५३ सालची. तुमच्या आजेसासूबाईंच्या कुड्या त्याआधीच्या असतील तर घेताना कुणी असली अक्षरं उच्चारलीही नसतील. पट्टीत ११ पायऱ्या: वर एफएल (आतबाहेर निर्दोष) आणि आयएफ (आतून निर्दोष), मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय यांच्या प्रत्येकी दोन, तळाला आय-१ ते आय-३. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली वैगुण्य किती सहज दिसतं, यावर सगळा हिशेब. व्हीव्हीएसमध्ये मुरलेल्या माणसालाही शोधताना घाम फुटतो. व्हीएसमध्ये नेट लावला की सापडतं. एसआयमध्ये भिंग लावल्यावर दिसतंच. आयमध्ये बहुतेक वेळा भिंगही लागत नाही.

दिसतं म्हणजे काय? आत अडकलेला एखादा स्फटिक, टाचणीच्या टोकाएवढा बिंदू, असे बिंदू दाटून झालेला ढग, नाहीतर चीर, जिला बाजारात फेदर म्हणतात. दोष किती मोठा, किती, कसला, हिऱ्यातून किती उठून दिसतो आणि कुठे आहे, या पाच गोष्टी एकत्र धरतात. त्यातली ‘कुठे’ ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वरच्या सपाट पैलूच्या, म्हणजे टेबलच्या, खाली एकच बारीक काळा कण असला तरी खालचे पैलू आरशासारखे त्याची प्रतिबिंबं पाडतात आणि एकाचे पाच-सहा दिसायला लागतात. तोच कण कडेला, खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखाखाली असता तर जन्मभर कुणाला पत्ता लागला नसता.

आता तुमचा ठिपका. हिऱ्यातले दोष निसर्गाचे, त्यांना शिस्त नसते. सातच्या सात खड्यांत, अगदी मधोमध, एकसारखा गोल ठिपका? मला तो दोष वाटतच नाही. जुन्या घडणीच्या हिऱ्याचं खालचं टोक अणकुचीदार ठेवत नसत, तिथे एक छोटा सपाट पैलू घासत. त्याला क्युलेट म्हणतात. वरून बघितलं की उजेड तिथून खाली निसटतो आणि मधे गोल काळसर खिडकी दिसते. जुन्या कटाची ती ओळखच आहे. तुमच्या सराफाला हे माहीत नसेल, किंवा चांगलंच माहीत असेल.

बसवलेल्या खड्याची नेमकी पायरी कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. सोनं आणि नखं नेमक्या कडाच झाकतात. पक्की ग्रेड सुट्या हिऱ्याची, बसवलेल्याचा फक्त अंदाज. नव्या कुड्यांचे खडेही बारीक असतात. त्यांचा एकेक कागद नसतो, सगळ्या लॉटचा मिळून ‘व्हीव्हीएस-व्हीएस’ असा पल्ला सांगतात.

आधी त्या धुवा. जुन्या कुड्यांच्या पाठी केसांचं तेल आणि साबण बसून अस्सल हिराही काचेसारखा मरगळतो. पाठ उघडी असेल तरच कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. पाठ बंद असेल तर पाण्यात अजिबात घालू नका, आत वर्ख असला तर काळा पडेल. मग पडवीत मळभाच्या उजेडात बघा. दुकानातल्या दिव्यांत काहीही लखलखतं.

दापोली_ते_दादर
काका, यातच विचारतो. साखरपुड्याच्या अंगठीसाठी ३० सेंटचा, म्हणजे ०.३० कॅरेटचा, एकच खडा घ्यायचाय. दुकानदार व्हीव्हीएस-१ च्या खाली उतरायला तयार नाही.

हर्णैकर
गोल ब्रिलियंट कट असेल तर व्हीएस-२ किंवा निवडून घेतलेला एसआय-१ घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या कटवर घाला. बोटातल्या अंगठीत व्हीव्हीएस आणि व्हीएस ओळखणारा नवरदेव मी पाहिला नाही, नवरीही नाही. लांबट चौकोनी एमराल्ड कट असेल तर मात्र एक पायरी वर जा, त्याच्या मोठ्या पैलूंत आतलं सगळं दिसतं. प्रमाणपत्रावर दोषांचा नकाशा असला तर बघा: लाल खुणा आतल्या, हिरव्या पृष्ठभागावरच्या. एसआयमध्ये ढग असेल तर खडा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नका, कधी कधी अख्खा खडा दुधाळ दिसतो. आणि कागदावर ‘एसआय-३’ लिहिलं असेल तर जीआयएच्या पट्टीत अशी पायरीच नाही.

वेतोबाच्या_गावची
काका, पाठ उघडीच निघाली. धुतल्या. पाण्याला तवंग आला! मुलाच्या शाळेच्या भिंगातून ठिपके अजून दिसतात, सगळ्यांत मधोमध. पण डाव्या कुडीच्या एका खड्यात कडेपासून आत जाणारी बारीक पांढरी रेघ आहे, हलवलं की चमकते. सासूबाई स्वतः भिंग घेऊन बसल्यात, मला बघू देत नाहीत.

हर्णैकर
ठिपके क्युलेटच. रेघ फेदर दिसतेय, आणि कडेपर्यंत आलेल्या फेदरला जपायला हवं. फिरकी दुसऱ्या कारागिराकडून करून घ्या. तो खडा आधीच दाखवा, त्याच्या नखावर जोर देऊ नको आणि जवळ झाळ मारू नको म्हणून सांगा. देण्याआधी दोन्ही कुड्यांचे जवळून फोटो काढा, वजन करून पावतीवर लिहून घ्या.