ब्लॉकमधला एरिया हाताने टाइप करणं बंद करा (आणि त्यावर झालेली हाणामारी)

रेघमारे

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका लहान ऑफिसात मी ऑटोकॅडवर लेआउट आणि सबमिशनची (मंजुरीला द्यायची) ड्रॉइंगं करतो. मागे आडगावकडच्या एका जमिनीचा चौसष्ट प्लॉटांचा लेआउट होता. सगळं झालं, टायटल ब्लॉक लागला, आणि मालकांना ९ मीटरचा रस्ता १२ चा हवासा वाटला. दोन्ही बाजूंच्या प्लॉटांची खोली दीड-दीड मीटरने कमी. स्ट्रेच मारला, पाच मिनिटांत रेषा जागेवर. पण एरिया? ते सगळे हाताने टाइप केलेले. चौतीस प्लॉट बदलायचे होते, मी तेहतीस बदलले. एका प्लॉटवर १३५.०० तसंच राहिलं, पॉलीलाइन (प्लॉटची हद्दरेघ) म्हणते १२१.५०. एरिया स्टेटमेंटची बेरीज साडेतेरा चौ.मी.ने चुकतेय हे रात्री साडेअकराला कळलं, आणि तो एक प्लॉट सापडायला एक वाजला.

ऑटोकॅडमध्ये फील्ड, म्हणजे ड्रॉइंगमधल्या रेषेवरून स्वतः आकडा काढणारं टेक्स्ट, २००५ च्या आवृत्तीपासून आहे. प्लॉट नंबरच्या ब्लॉकमधल्या (एकत्र बांधलेल्या चिन्हातल्या) अ‍ॅट्रिब्यूटवर, म्हणजे मजकुराच्या जागेवर, डबल क्लिक, व्हॅल्यूच्या चौकटीत राइट क्लिक, इन्सर्ट फील्ड, ऑब्जेक्ट म्हणून प्लॉटची पॉलीलाइन निवडायची, प्रॉपर्टी एरिया. खाली दशांश किती आणि पुढे 'चौ.मी.' लावायचं का तेही ठरवता येतं. यानंतर कोपरा ओढला की आकडा आपोआप फिरतो. वीस वर्षं हे हाताशी असून निम्म्या नाशिकमध्ये अजून कॅल्क्युलेटर घेऊन टेक्स्ट एडिट चालतंय. माझं मत, हे आळसाचं नाही, हट्टाचं लक्षण आहे.

मोजणी_मास्तर

असहमत. आणि हट्टी म्हणालात म्हणून जरा सविस्तर.

"कोपरा ओढला की आकडा फिरतो" हे अर्धसत्य आहे. कोपरा ओढल्यावर स्क्रीनवर काहीही फिरत नाही. रीजन (ड्रॉइंग पुन्हा रंगवायची कमांड) मारा, सेव्ह करा, प्रिंट द्या, तेव्हा फिरतो. आमच्याकडे एका पोराने खोलीची भिंत सरकवली, स्क्रीनचा फोटो काढला आणि साइटवर व्हॉट्सअ‍ॅप केला. भिंत नवी, आकडा जुना. साइटवाल्याने त्या आकड्यावर फरशीची ऑर्डर दिली. टाइप केलेला आकडा चुकीचा असू शकतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून माणूस तपासतो. फील्डचा, राखाडी पट्टीवरचा आकडा 'कॉम्प्युटरने काढलाय' म्हणून कोणी बघतही नाही.

दुसरं म्हणजे फील्डइव्हॅल, फील्ड कधी अपडेट व्हायचं ते ठरवणारं सेटिंग. मूळ किंमत ३१, म्हणजे उघडताना, सेव्ह, प्रिंट, ई-ट्रान्समिट आणि रीजन अशा पाचही वेळी अपडेट. पण जड फाइल उघडायला वेळ लागतो म्हणून कोणीतरी शहाणा ते शून्य करून ठेवतो. मग तुम्ही प्रिंट काढा नाहीतर पूजा घाला, आकडा तोच.

तिसरं, स्ट्रक्चरलवाले फाइल हातात आली की ब्लॉक फोडतात. एक्स्प्लोड केलेल्या ब्लॉकमध्ये अ‍ॅट्रिब्यूटची व्हॅल्यू राहत नाही, टॅगचं नाव उरतं. चौसष्ट प्लॉटांवर चौसष्ट वेळा नुसतं 'एरिया' लिहिलेलं मी पाहिलंय.

सिडकोचा_शिकाऊ

माझ्या ड्रॉइंगमध्ये सगळीकडे ०.०० येतंय, मी काय चुकलो?

रेघमारे

टेम्पलेट मिलिमीटरचं घेतलंस आणि ड्रॉइंग मीटरमध्ये केलंस. फील्डच्या अ‍ॅडिशनल फॉरमॅटमध्ये कन्व्हर्जन फॅक्टर ०.०००००१ असेल, तो १ कर. चौ.फूट हवे असतील तर १०.७६३९.

मास्तर, तुमचे तिन्ही मुद्दे माणसांच्या चुकांचे आहेत, फील्डचे नाहीत. पॉलीलाइन डिलीट झाली तर फील्ड #### दाखवतं, म्हणजे ओरडून सांगतं. टाइप केलेला आकडा मेला तरी हसतमुख असतो.

ड्राफ्टताई

दोघेही थोडं थांबा. विषय 'ब्लॉकमधला एरिया' आहे आणि खरी गोची तिथेच आहे, ती कोणी बोलतच नाहीये.

पॉलीलाइनही ब्लॉकच्या आत आणि तिच्याकडे बघणारं फील्डही आत, असं केलंत तर फील्ड ब्लॉकच्या मूळ व्याख्येतली पॉलीलाइन मोजतं. डायनॅमिक ब्लॉक (ओढून माप बदलता येणारा) घालून ग्रिपने (ओढायच्या ठिपक्याने) ३ मीटरची खोली ४ ची करा, आकडा मूळ खोलीचाच राहील. रीजन कितीही मारा. मी यावर दोन दिवस घालवलेत, नवरा म्हणाला सॉफ्टवेअर बदल.

इलाज असा: ब्लॉक एडिटरमध्ये लांबी-रुंदीची दोन लिनिअर पॅरामीटर द्यायची, आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ब्लॉक प्लेसहोल्डर निवडून त्या दोन अंतरांचा गुणाकार फॉर्म्युला म्हणून टाकायचा. साध्या टेक्स्टमध्ये टाकाल तर डॅशेस दिसतात, अ‍ॅट्रिब्यूटच लागतं. पण हे फक्त काटकोनी खोलीला. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या जागेचं काम घ्या, तिथे एक कोपरा नव्वदचा सापडला तर नारळ फोडायचा. अशा ठिकाणी हद्द ब्लॉकच्या बाहेरच ठेवा, ब्लॉक नुसता टॅग (नाव-आकड्याची चिठ्ठी) म्हणून वापरा. रेघमारे दादांनी सांगितलंय ते हेच, फक्त 'का' ते सांगितलं नाही.

आणखी एक. टॅग दुसऱ्या खोलीत कॉपी केला तर तो आकडा जुन्याच खोलीचा दाखवत राहतो, कारण तो अजून तिकडेच बघतोय. चौसष्ट वेळा डायलॉग उघडायचा कंटाळा येत असेल तर लिस्प (ऑटोकॅडमधला छोटा प्रोग्राम) लिहून घ्या. २०२४ पासून एलटीमध्येही (ऑटोकॅडची साधी आवृत्ती) लिस्प चालतं.

मोजणी_मास्तर

ताईंनी माझंच काम केलं. एवढं सगळं लक्षात ठेवायचं असेल तर टाइप केलेलं काय वाईट?

गोलाईचं (राउंडिंगचं) पण ऐका. तीन प्लॉट प्रत्येकी १३५.००४. फील्ड तिन्हीवर १३५.०० दाखवणार. बाहेरून एक पॉलीलाइन फिरवली तर ती म्हणणार ४०५.०१. छाननीला बसलेला माणूस हाताने बेरीज करतो, ४०५.०० येतात, फाइल परत. टाइप करणारा ड्राफ्ट्समन हा पैसाभर फरक कुठे मुरवायचा ते जाणतो.

ड्राफ्टताई

मुरवायचा? मास्तर, हे जाहीर लिहू नका हो.

आणि आकडा बरोबर आला म्हणजे एरिया बरोबर आला असं नाही. रेराच्या (बांधकाम ग्राहकांच्या कायद्याच्या) कार्पेटमध्ये, म्हणजे फ्लॅटच्या वापरायच्या क्षेत्रात, आतल्या पार्टिशन भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि बाल्कनी सोडायच्या. आमच्याकडे नवीन मुली प्रत्येक खोलीच्या आतून पॉलीलाइन फिरवून बेरीज करतात, भिंती राहून जातात. फील्ड दोन दशांशांपर्यंत अचूक आणि कार्पेट चूक. महाराष्ट्रातल्या आदर्श करारनाम्यात कार्पेटच्या फरकाला तीन टक्क्यांची मर्यादा आहे. साठ चौ.मी.च्या फ्लॅटला ते १.८० चौ.मी. होतात. आतल्या भिंतीच विसरलात तर तेवढा फरक सहज पडतो.

रेघमारे

गोलाईचा मुद्दा मान्य. आम्ही आता प्लॉटची मापंच सेंटिमीटरला पक्की करून मग पॉलीलाइन काढतो, ९.०० म्हणजे ९.००. तिरक्या प्लॉटांना जमत नाही, तिथे भांडण राहणारच.

पण मंजूर झालेल्या फाइलबद्दल कोणी बोललं नाही. ती उघडून कोणाचा चुकून ग्रिपला हात लागला तर मंजूर नकाशाचा आकडा बदलेल. म्हणून मंजुरीनंतर कन्व्हर्ट फील्ड टू टेक्स्ट करून वेगळी प्रत ठेवतो. तिथे तुमचा टाइप केलेला आकडा चालेल, मास्तर.

मोजणी_मास्तर

म्हणजे शेवटी टेक्स्टच.

रेघमारे

शेवटी. सुरुवातीला नाही. चालू फाइलमध्ये टाइप केलेला एरिया दिसला तर मी तो लाल लेयरवर टाकतो, कोणाचाही असो.

सिडकोचा_शिकाऊ

१ केल्यावर आलं. पण आता टेरेसच्या टॅगवर #### येतंय.