टाकीचा बोगदा कापून रुंद करायचा आहे

प्रश्न: मोटरसायकलची जुनी पत्र्याची पेट्रोलची टाकी नव्या फ्रेमवर बसवतोय. फ्रेमची मधली नळी जाड असल्याने बोगदा (टाकीखालची खाच, जिच्यात ही नळी बसते) दोन्ही बाजूंनी १५ मिमी वाढवावा लागेल. टाकी वर्षभर रिकामी आहे. थेट ग्राइंडर लावू का?

उत्तर १: अजिबात नको. रिकामी टाकीच जास्त घातक, कारण स्फोट वाफेचा होतो आणि गंजात, जोडाच्या घडीत पेट्रोल मुरलेलं असतं. कॉक (पेट्रोलची तोटी), फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता भाग) काढा. गरम पाणी आणि डिटर्जंटने तीन-चारदा खळखळून धुवा, पूर्ण वाळवा. तरीही वास आला तर पुन्हा धुवा. कापताना ग्राइंडरऐवजी हातकात्री बरी. वेल्डिंगच्या वेळी आत आर्गॉन वायू सोडत राहा, झाकण उघडं ठेवून.

उत्तर २: आधी पुठ्ठ्याचा साचा करून फ्रेमवर बसवून बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) टाकीला लागत नाही ना, तेही तेव्हाच बघा. पत्रा ०.८ ते १ मिमी, साधा सीआरसी (कोल्ड रोल्ड पोलादी पत्रा); गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) नको, जस्ताचा धूर विषारी आणि वेल्डला भोकं पडतात. टिग वेल्डिंगने दर २५ मिमीवर वेल्डचे छोटे टाके, समोरासमोर बाजू बदलत. सलग ओढलंत तर पत्रा पापडासारखा वाकडा होणार.

उत्तर ३: गळती तपासायला २-३ पीएसआय हवेचा दाब पुरे, वर साबणाचं पाणी. कंप्रेसर थेट जोडू नका, टाकी फुगते. बुडबुडा दिसला की तिथेच घासून पुन्हा वेल्ड. सीलर (टाकीला आतून द्यायचा लेप) भोकं बुजवायला नसतं. आणि कॉक सर्वांत खोल जागी येतोय ना? बोगद्यामुळे तळाशी दोन कप्पे होतात आणि कॉक नसलेल्या कप्प्यात पेट्रोल अडकतं, तेव्हा दोन्हींना जोडनळी द्या.