वरच्यांनी फ्लश केलं की आमची जाळी गुडगुडते, वास पण येतो

गळका_नळ:
मंडळी जरा डोकं लावा. सात मजली इमारत, आम्ही सहाव्यावर. गेला महिना-दीड महिना बाथरूममध्ये गटाराचा वास येतोय, दिवसभर नाही, सकाळी जास्त. वर कोणी फ्लश केलं की आमच्या नहाणी ट्रॅपमधून (जाळीखालचं पाणी साचून राहणारं भांडं) गुडगुड आवाज येतो आणि मग थोड्या वेळाने तो वास. फिनेल ओतलं, अ‍ॅसिड ओतलं, जाळी नवीन बसवली, प्लंबरने स्प्रिंग घालून केसांचा एक गोळा काढला, दोन दिवस बरं वाटलं (की मनाचे खेळ) आणि परत ये रे माझ्या मागल्या. पाणी मात्र तुंबत नाही, सरसर जातं. चोकअप नाही तर वास कसला? प्लंबर म्हणतो टाइल्स फोडून ट्रॅप बदलू. फोडायचं का?

दोन_बादल्या:
ट्रॅपमध्ये पाणी ओतून बघा. आमचं एक बाथरूम बंदच असतं, तिथलं पाणी सुकून असाच वास यायचा. आता बाहेरगावी जाताना ट्रॅप भरून वर चमचाभर तेल सोडतो, तवंग राहिला की पाणी लवकर उडत नाही.

गळका_नळ:
अहो रोज तीन माणसं आंघोळ करतात तिथे, सुकणार कसं?

साइटवाला:
फोडू नका!! सुकत नाहीये, ओढलं जातंय.
ट्रॅपमध्ये साचून राहिलेलं पाणी हाच वास अडवणारा पडदा, दुसरं काही दार-बिर नसतं तिथे. त्याची उंची साधारण 50 मिमी, म्हणजे तीन बोटं. तीन बोटं पाणी किती दाब झेलणार, 500 पास्कलच्या आसपास, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशेव्या भागाइतका. आता वरून फ्लशचं पाणी उभ्या पाइपातून पडतं ना, ते पाइप भरून पडत नाही, बरंचसं कडेकडेने पडतं आणि मधली हवा आपल्याबरोबर खाली खेचत नेतं. ही हवा वरून मिळावी म्हणून तर तो पाइप गच्चीच्या वरपर्यंत नेऊन उघडा ठेवतात आणि डोक्यावर जाळीची टोपी घालतात. ते तोंड बंद झालं की पाइप हवा मिळेल तिथून घेतो, म्हणजे तुमच्या ट्रॅपमधून. गुडगुड म्हणजे तुमच्या पाण्यातून हवा आत जातेय त्याचा आवाज. जाताना पाणीही घेऊन जाते, मग पडदा उरत नाही.
खात्री करायची तर रात्री ट्रॅप भरून एक काडी उभी बुडवा, ओल कुठपर्यंत आली तिथे खूण करा. सकाळी आंघोळीच्या आधी परत बुडवा. ओल खाली उतरली असेल तर दुखणं गच्चीवर आहे. महिना-दीड महिन्यापूर्वी तिथे काही काम झालं होतं का?
आणि अ‍ॅसिड ओतलंत ते ओतलंत, पण त्यावर ब्लीचिंग पावडर वगैरे टाकू नका, क्लोरीन सुटतो.

तळमजला:
आमच्याकडे उलटं. वरचं पाणी आलं की ट्रॅपमधून बुडबुडे येऊन पाणी बाहेर उसळतं. एकाने हवा घेणारा व्हॉल्व्ह लावून दिला, शष्प फरक पडला नाही.

साइटवाला:
पडणारच नाही. तो व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही, आणि तुमच्याकडे हवा दाबली जातेय. खाली पाणी आडव्या पाइपात वळताना एकदम मंदावतं, फुगतं, मागून येणारी हवा अडकते. म्हणून तळमजल्याची लाइन वेगळी काढून थेट चेंबरला सोडतात आणि खालचं वळण एका काटकोनी बेंडऐवजी 45 अंशाचे दोन बेंड लावून घेतात. तुमचं जोडकाम त्याच उभ्या पाइपाला असेल तर ते तोडून वेगळं करावं लागेल, कटकटीचं आहे पण दुसरा इलाज नाही.

कोरडा_ट्रॅप:
वासापुरता विषय नाहीये हा. 2003 मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स इमारतींत तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली, तिथल्या तपासात बाथरूमचे कोरडे पडलेले ट्रॅप हे मुख्य संशयित निघाले. एक्झॉस्ट फॅन चालू, दार बंद, मग फॅन पाइपातली हवाच खोलीत ओढणार. गळकाभाऊ, फॅन चालवताना दाराखाली फट आहे ना बघा.

गळका_नळ:
साइटवालेसाहेब, पायाचा फोटो पाठवा 🙏 काडी सकाळी बघितली, खुणेच्या खाली जवळजवळ दीड बोट ओल उतरलेली. वर गेलो तर वॉटरप्रूफिंगवाल्यांनी पाइपात मसाला पडू नये म्हणून तोंडावर सिमेंटची गोणी तारेने आवळून बांधलेली, काम संपवून तशीच ठेवून गेले, वर पांढऱ्या कोटिंगचा हातही मारलाय. सोडली. दोन दिवस झाले, आवाज बंद, वास बंद, काडी खुणेवर.
प्लंबरला सांगायचं राहिलंय, तो उद्या ब्रेकर घेऊन येतोय.