मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या जुन्या घरासाठी कॉम्बी बॉयलर घ्यावा की नको?

मंडळी, रेडिंगला आमचं १९३०च्या दशकातलं तीन बेडरूमचं सेमी (शेजाऱ्याशी एक भिंत सामायिक असलेलं जोडघर) आहे. घर घेताना मालक म्हणाला होता, बॉयलर म्हातारा आहे पण दणकट आहे. परवा सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि मला बोलावून खालचा गंजाचा ओघळ दाखवला. हीट एक्स्चेंजर (ज्यात गॅसच्या ज्वाळेची उष्णता पाण्याला मिळते तो भाग) गळतोय आणि सुटा भाग मिळत नाही. थंडीच्या आत बदला म्हणाला.

सध्या स्वयंपाकघरात बॉयलर, वरच्या मजल्यावर कपाटात गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर, माळ्यावर एक मोठी आणि एक छोटी टाकी. रेडिएटर नऊ. हॉलमधला वर चटका बसेल इतका गरम आणि खाली गार.

तिघांकडून दर मागवले, तिघंही गॅस सेफ नोंदणीवाले, म्हणजे गॅसचं काम करायला अधिकृत. दोघं म्हणतात कॉम्बी (घरही तापवणारा आणि नळाचं पाणीही लागेल तेव्हा थेट तापवणारा बॉयलर) घ्या: टाक्या जातील, सिलिंडर जाईल, कपाट मोकळं होईल. पहिल्याने तर ३५ किलोवॅटचा सुचवला, कुठेही माप न घेता, दारात उभं राहूनच. तिसरा म्हणतो, आहे तसाच सिलिंडरवाला बॉयलर बसवा.

माझी अडचण पाण्याची आहे. पुण्याहून आणलेली २० लिटरची अंघोळीची बादली स्वयंपाकघरातल्या थंड नळाखाली लावली. भरायला १ मिनिट ५० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला जेमतेम ११ लिटर. आम्ही चौघं, उन्हाळ्यात सासू-सासरेही असतात, आणि सकाळी साडेसातला वरचा-खालचा दोन्ही शॉवर चालू. सध्या माळ्यावरच्या टाकीमुळे धार बारीक असते, पण निभतं.

शिवाय (हसू नका) हिवाळ्यात विरजण आणि इडलीचं पीठ त्याच सिलिंडरच्या कपाटात ठेवते. सिलिंडर गेला की ते कपाट गार.

कोणी कॉम्बी घेऊन पस्तावलंय का? की मीच उगाच घाबरतेय?

प्रतिसाद १:
अजिबात उगाच नाही. कॉम्बी पाणी साठवत नाही, वाहतं पाणी तापवतो. ३० किलोवॅटवाला ३५ अंशांनी तापवून मिनिटाला साधारण १२ लिटर देतो. तुमच्या नळालाच ११ येत असेल तर ३५ किलोवॅटचे जादा पैसे कशाला? आणि ते ११ दोन शॉवरमध्ये वाटले जाणार. कॉम्बीचा आकडा अंघोळीसाठी मोठा असतो. घर तापवायला अशा सेमीला ऐन थंडीतही बहुधा १० किलोवॅटच्या आतच लागतात. ज्याने खोल्या, खिडक्या, रेडिएटर मोजले नाहीत त्याला सोडून द्या.

दुसरं म्हणजे, कॉम्बीला रेडिएटरच्या पाण्याचं बंद सर्किट लागतं (माळ्यावरच्या टाकीशिवाय), दाब १ ते १.५ बार. इतकी वर्षं माळ्यावरच्या टाकीच्या हलक्या दाबावर चाललेले जुने सांधे तेव्हा गळायला लागतात. आमच्याकडे बसवल्यावर आठवड्यात हॉलच्या फरशीखाली ओल आली. लाकडी फळ्या उचकटाव्या लागल्या.

प्रतिसाद २:
सहमत. सिलिंडरची जागा सोडू नका. पुढे कधी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) घ्यायचा झाला (सध्या इंग्लंड-वेल्समध्ये ७,५०० पाउंडांचं अनुदान आहे) तर सिलिंडर लागणारच, तेव्हा कपाट शोधत फिराल.

नवा बॉयलर कंडेन्सिंगच असणार, म्हणजे धुरातली वाफ थिजवून तिचीही उष्णता वापरणारा, पण रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली आलं तरच त्याचा खरा फायदा मिळतो. बसवणारे बऱ्याचदा ७५वर ठेवून निघून जातात. रेडिएटरसाठी कमी आणि सिलिंडर भरताना जास्त, अशी दोन तापमानं ठेवता येतील का ते आधीच विचारा. सिलिंडरमधलं पाणी मात्र जंतूंसाठी ६० लागतं. आणि त्या थिजलेल्या वाफेचं पाणी निथळायला बाहेर काढलेला पाइप जाड, ३२ मिलिमीटरचा घ्या, वर वेष्टण. बारीक पाइप थंडीत गोठतो आणि बॉयलर नेमका त्याच सकाळी बंद पडतो.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. तिसऱ्याला शनिवारी परत बोलावलंय, दोन तापमानांचं विचारते. तो हॉलच्या रेडिएटरमध्ये काळा गाळ बसलाय म्हणून पॉवरफ्लशचे (यंत्राने जोरात पाणी फिरवून सगळे पाइप-रेडिएटर धुण्याचे) वेगळे ५०० पाउंड सांगतोय. नऊही रेडिएटरचं करावं, की तेवढा एक काढून अंगणात नळीने धुतला आणि चुंबकाचा फिल्टर बसवून घेतला तर चालेल?